दोन नंबर उपाशी, चार नंबर गळका

चेक इंजिनचा दिवा नुसता पेटून राहिला तर सवडीने बघता येतं. तो उघडझाप करायला लागला की मात्र पाय आवरता घ्यायचा. एखादा सिलिंडर इतका मिसिंग मारतोय, म्हणजे पेटायचा चुकतोय, की न जळलेलं पेट्रोल थेट धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातंय, असा त्याचा अर्थ. तिथे ते पेटलं तर आतली जाळी वितळून कन्व्हर्टर बाद होऊ शकतो. माझ्या गाडीचा दिवा खंबाटकीच्या चढाला, तिसऱ्या गिअरात, टर्बोचा दाब पूर्ण भरला की उघडझाप करायचा. सपाटीवर आल्यावर पुन्हा गपगुमान.

गाडी अबार्थ पुंतो. २०१५ च्या ऑक्टोबरात ती दहा लाखांच्या आत बाजारात आली तेव्हा त्या किमतीत १४५ हॉर्सपॉवर हा आकडा दुसऱ्या कुठल्याच हॅचबॅकवर दिसत नव्हता. १३६८ सीसीचं टी-जेट इंजिन, २१२ न्यूटन मीटर टॉर्क. दिसायला बरीचशी साधी पुंतो, आणि जन्म इथलाच, रांजणगावचा. महागणपतीच्या शेजारची, असं आम्ही गमतीने म्हणतो. २०१९ च्या सुमाराला फियाटच्या गाड्यांची इथली विक्री थांबली, तेव्हापासून या गाडीचे मालक एकमेकांचे स्पेअर पार्टवाले झाले आहेत. माझी गाडी सेकंडहँड. पहिल्या मालकाने ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून बराच काळ उभी ठेवली होती. किलोमीटर कमी म्हणून मी खूश होतो. उभ्या गाडीच्या टाकीत आणि इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या टोकाशी काय साचत राहतं ते किलोमीटरच्या आकड्यात दिसत नाही.

दुसरी तक्रार वेगळीच वाटायची. सकाळी थंड गाडी पहिल्या सेलला सुरू. पण गरम इंजिन बंद करून चहाला पंधरा-वीस मिनिटं थांबलं, की परत सुरू करताना सेल लांबच लांब मारावा लागे. मग थरथरत सुरू होणार, मागून पेट्रोलचा वास, आणि दहाएक सेकंदांत सगळं आलबेल.

आधीच्या एका गॅरेजने चारही प्लग बदलले, टाकीत एक क्लीनरची बाटली ओतली आणि फरक पडेना म्हटल्यावर प्लगला ठिणगीचा करंट देणाऱ्या चारही कॉइल बदलायला सांगितल्या. अबार्थच्या चार कॉइल म्हणजे बरीच रक्कम. ‘कॉइल खराब आहे हे दाखवा, मग बदलू’ म्हटल्यावर तिथला उत्साह ओसरला. मग गाडी धायरीकडच्या मामांकडे नेली. मामा म्हणजे माझे मामा नव्हेत, पण त्या गल्लीत त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने कोणी हाक मारत नाही.

मामांनी स्कॅनर लावला. दोन कोड होते: पी ०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरचं मिसिंग, आणि पी ०१७१, म्हणजे मिश्रण पातळ, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. कोड वाचून पार्ट बदलणारे पुष्कळ असतात. मामा कोड वाचून लाइव्ह डेटाकडे वळले आणि तिथेच मला पहिल्यांदा या माणसाचा भरवसा वाटला.

लाइव्ह डेटात बघायची गोष्ट म्हणजे फ्युएल ट्रिम. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर सांगतो की जळून झाल्यावर किती ऑक्सिजन उरला. त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो की आपल्या मूळ हिशेबापेक्षा पेट्रोल वाढवायचं की कमी करायचं. हा वाढ-कमीचा टक्का म्हणजे ट्रिम. आमच्या गाडीचा लाँग टर्म ट्रिम, म्हणजे ईसीयूने बऱ्याच काळात शिकलेला टक्का, आयडलिंगला अधिक ४ होता आणि २५०० आरपीएमला धरल्यावर अधिक १२.

आता यात गंमत अशी, की मिश्रण पातळ होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या वाटेत, कुठूनतरी चोरून शिरणारी हवा. फाटका व्हॅक्युम पाइप, तडकलेलं गॅस्केट वगैरे. पण ती चोरीची हवा आयडलिंगला जास्त जाणवते, कारण तेव्हा इंजिन मुळातच हवा थोडी घेतं. रेस दिली की तिचं प्रमाण नगण्य होतं आणि ट्रिम खाली येतो. आमच्याकडे उलट, रेस दिल्यावर ट्रिम चढत होता. म्हणजे हवा जास्त नव्हती, पेट्रोल कमी पडत होतं. मामा एवढंच म्हणाले, “साहेब, पंप नाहीतर इंजेक्टर. कॉइलचं नंतर बघू.”

त्या अधिक ४ वर मी अडलो होतो. मामांनी ते बाजूला ठेवायला सांगितलं. हल्ली पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. निव्वळ पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. वीस टक्के मिसळलं की हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जरा जास्त सोडावं लागतं. जुन्या हिशेबाच्या गाड्यांचा ट्रिम त्यामुळे हल्ली तसाही चार-पाच टक्के अधिकच दिसतो. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी तरी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. अधिक ५ दिसलं म्हणून गाडी उघडायची गरज नसते, अधिक १२ ला मात्र असते.

टाकीतल्या पेट्रोल पंपाचा संशय आधी मिटवला. पेट्रोलच्या लाइनमध्ये टी जोडून प्रेशर गेज लावला, लांब पाइपने बॉनेटखालून काढून विंडस्क्रीनवर चिकटवला आणि मामांचा पोरगा गाडी चालवत असताना मी काट्याकडे बघत बसलो. टर्बोचा दाब भरला, गाडीने झटका दिला, दिवा उघडझापला, पण काटा जागचा हलला नाही. पंप निर्दोष. गॅरेजला परत येऊन गाडी बंद केली आणि इथे दुसरं प्रकरण उघडलं. बंद केल्यावर लाइनमधला दाब बराच वेळ टिकायला हवा. आमचा काटा डोळ्यांदेखत उतरायला लागला. पंपातला परतीचा व्हॉल्व्ह पेट्रोल मागे टाकीत सोडतोय, किंवा एखादा इंजेक्टर पुढे इंजिनात गळतोय. गरम इंजिनात गळलेलं पेट्रोल वाफ होऊन साचतं आणि पुढच्या सेलला ओव्हर, म्हणजे गरजेपेक्षा जास्त, होतं. चहानंतरच्या त्या लांब सेलचा आणि वासाचा खुलासा इथे व्हायला लागला होता.

मग प्लग काढले. आधीच्या गॅरेजने बदललेलेच होते, त्यामुळे जळण्याचे ताजे ठसे त्यांवर स्वच्छ उमटले होते. एक आणि तीन नंबर फिकट तपकिरी, जसे असावेत तसे. दोन नंबर पांढुरका, कोरडा. चार नंबर काजळी धरलेला, नाकाशी नेला तर पेट्रोलचा वास. एकाच इंजिनात एक सिलिंडर उपाशी आणि एक अजीर्ण झालेला.

मी ते चार प्लग ओळीने मांडून बराच वेळ बघत राहिलो, कारण ट्रिमचं ते कोडं तिथे सुटत होतं. या इंजिनात चार सिलिंडरांचा धूर एकत्र होतो आणि मिश्रण ठरवणारा सेन्सर एकच. एका मीटरवर चार बिऱ्हाडं असावीत तसं. बिल वाढलं एवढं कळतं, कोणाचा नळ बंद आहे आणि कोणाचा वाहतोय ते कळत नाही. दोन नंबरला पेट्रोल कमी पडलं की ईसीयू चौघांनाही वाढवून देतो. त्याने दोन नंबरचं पोट भरत नाहीच, बाकीचे तिघे उगाच श्रीमंत होतात. वर चार नंबर सतत ठिबकतोय. आयडलिंगला प्रत्येक इंजेक्टर दोन-तीन मिलिसेकंदच उघडतो, पेट्रोल थेंबाथेंबाने लागतं, तेव्हा हे ठिबकणं हिशेबात मोठं ठरतं आणि दोन नंबरची तूट झाकून टाकतं. म्हणून आयडलिंगचा ट्रिम साळसूद अधिक ४. रेस दिली की ठिबकणं किरकोळ होतं, तूट उघडी पडते, ट्रिम १२. दोन बिघाड एकमेकांना पांघरूण घालत होते.

तरी नियमाने सगळं तपासलं. दोन आणि तीन नंबरच्या कॉइलची अदलाबदल केली, मिसिंग दोनलाच राहिलं. कॉइल सुटली, माझे पैसेही. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं जवळपास सारखं, म्हणजे व्हॉल्व्ह आणि रिंगा ठीक. इंजेक्टरच्या वायंडिंगचा रेझिस्टन्स मीटरने मोजला. या जातीच्या इंजेक्टरचा साधारण १२ ते १६ ओहम असतो. चौघेही त्यात आणि एकमेकांना लागून. कनेक्टरला टेस्ट लाइट लावून पाहिला, पल्स, म्हणजे उघडण्याचा विजेचा हुकूम, येत होता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला लावून ऐकलं, चौघेही टिकटिकत होते. पुष्कळ ठिकाणी इथे ‘इंजेक्टर ओके’ असा शेरा मिळतो. पण टिकटिक म्हणजे आतली सुई हलतेय एवढंच. तिच्यामागून किती पेट्रोल जातंय आणि सुई बसल्यावर किती थांबतंय, ते ना मीटर सांगतो, ना कान.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, रेल, म्हणजे चारही इंजेक्टरना पेट्रोल पोचवणारी नळी, काढली. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून गाडी सुरू केली आणि ती आपोआप बंद पडू दिली, म्हणजे लाइनमधला दाब गेला. बॅटरीची निगेटिव्ह काढली. अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवला. मामांकडे तो भिंतीवर शोभेला नाही, त्याची तारीख मी बघितली. एअर फिल्टरचा डबा आणि टर्बोचे पाइप बाजूला केले. इंजेक्टरच्या बुडाशी वर्षांची धूळ आणि तेल मिळून घट्ट चिखल झाला होता. तो आधी कॉम्प्रेसरच्या हवेने आणि ब्रशने काढला, नाहीतर इंजेक्टर उपटल्याबरोबर तो सरळ इनटेक व्हॉल्व्हवर पडतो. कनेक्टरची लॉकं उष्णतेने इतकी ठिसूळ झाली होती की मामांनी त्यांना पोराचा हात लागू दिला नाही.

इंजेक्टर रेलमध्येच ठेवून रेल वर उचलली, चौघांच्या टोकांखाली पांढरा कागद धरला, फ्यूज परत बसवून आणि बॅटरी जोडून नुसती चावी फिरवली. पंपाने दाब भरला. कुणालाही उघडण्याचा हुकूम नव्हता. तरी चार नंबरच्या टोकाशी थेंब फुगला आणि पडला. मग दुसरा. गळती पुढेच होती. टाकीतला पंप खोलायचं काम वाचलं.

पुढची जागा म्हणजे भोसरीतलं पंप-नोझलचं दुकान. तिथलं मुख्य काम ट्रकच्या डिझेल पंपांचं आणि कॉमन रेलचं. पेट्रोलचं बेंच कोपऱ्यात, चार काचेच्या मापनळ्यांचं. दुकानातल्या काकांनी इंजेक्टर बघताच ध्वनिलहरींनी धुणाऱ्या अल्ट्रासॉनिकच्या टाकीकडे हात नेला. मी म्हटलं, “काका, आधी मोजू, मग धुऊ.” त्यांना ते पटायला थोडा वेळ लागला, कारण गिऱ्हाईक सहसा धुऊन घ्यायला येतं. पण धुण्याआधीचं माप नसेल तर धुतल्याने काय झालं ते कळणार कसं?

तीन बार दाबाला, पंधरा सेकंद सलग उघडे ठेवून, मापनळ्यांत जमलेलं असं: एक नंबर ८० मिली, दोन नंबर ६३, तीन नंबर ७९, चार नंबर ८१. दोन नंबर एकवीस टक्क्यांनी कमी. फवारा बघायलाही काच होती. बाकीच्यांचा बारीक धुक्यासारखा शंकू, दोन नंबरची मात्र तिरपी धार, गळक्या पिचकारीची असते तशी. मग दाब ठेवून पल्स बंद केला. एक, दोन, तीन कोरडे. चार नंबर कागदावर केलेलाच प्रकार काचेत करू लागला.

८० मिलीचा आकडा मी तिथेच फोनवर ताडून पाहिला. १४५ हॉर्सपॉवरच्या टर्बो इंजिनाला दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण पाव ते तृतीयांश किलो पेट्रोल लागतं. वरचा आकडा धरला तर ४८ किलो, चौघांत वाटून १२ किलो, म्हणजे मिनिटाला सुमारे २७० मिली. इंजेक्टरला शंभर टक्के वेळ उघडा ठेवत नाहीत, थोडी जागा राखतात, म्हणून ३२० च्या आसपासचा इंजेक्टर हवा. पंधरा सेकंदाला ८० म्हणजे मिनिटाला ३२०. हिशेब बसला.

याच हिशेबात जोरकस गाडीची अडचण आहे. ६००० आरपीएमला एका सिलिंडरचं पूर्ण चक्र वीस मिलिसेकंदांत उरकतं, आणि पूर्ण दाबाला इंजेक्टर त्यातला बराचसा वेळ उघडाच असतो. साध्या शहरी गाडीत तुंबलेला इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवून भागतं. इथे वाढवायला वेळच शिल्लक नाही. शिवाय दाबाखाली मिश्रण मुद्दाम श्रीमंत ठेवलेलं असतं, निव्वळ पेट्रोलच्या भाषेत बारा भाग हवेला एक भाग पेट्रोलच्या आसपास, म्हणजे जास्तीचं पेट्रोल आतली उष्णता शोषतं. त्यात एकवीस टक्के कमी पडलं की तो सिलिंडर पंधराच्या वर जातो. टर्बोच्या दाबाखाली असं पातळ मिश्रण म्हणजे नॉकिंग, मिश्रणाचा भलत्या वेळी होणारा भडका, आणि फार दिवस चाललं तर पिस्टन. माझं दुखणं मिसिंगवर थांबलं होतं, हे त्यामानाने स्वस्तात होतं.

आता धुलाई. इंजेक्टरच्या वरच्या तोंडातली बारीक जाळी काकांनी खास हुकाने उपसून काढली. दोन नंबरच्या जाळीत गंजाच्या रंगाची माती, उभ्या गाडीच्या टाकीतून आलेली. जाळी नसताना आणि उलट्या दिशेने आधी सोल्यूशन ढकललं, मग अल्ट्रासॉनिक टाकीत, इंजेक्टरला पल्स चालू ठेवून. पल्स न देता नुसते बुडवून काढणारेही आहेत. त्याने बाहेरचं अंग चकाकतं, आतली सुई बंदच राहते. पहिल्या फेरीनंतर दोन नंबर ७५ वर आला, दुसऱ्या फेरीनंतर ७९ वर, आणि धारेचा पुन्हा शंकू झाला. चार नंबरचं गळणं कमी झालं पण थांबलं नाही. त्याची सुई आणि बैठक यांच्यातली घासणी धुऊन जाणारी नव्हती. काका म्हणाले, “हा फेका. धुऊन दिला तर माझंच नाव खराब.”

एक इंजेक्टर हवा होता. नाना पेठेत एकाने दिसायला हुबेहूब तसाच दाखवला, रंग तोच, कनेक्टर तोच. अंगावर कोरलेला नंबर वेगळा. बाहेरचा साचा एक ठेवून आतली भोकं वेगवेगळी असलेले इंजेक्टर बनतात, तेव्हा नंबर जुळल्याशिवाय घ्यायचा नाही. शेवटी मुंबईला ऑपेरा हाऊसकडच्या एका व्यापाऱ्याने बाहेरून मागवून दिला. आला तो आधी भोसरीला नेऊन मोजला: ८१. नवा आहे म्हणून सोडला नाही. चौघांत ७९ ते ८१, अडीच टक्क्यांच्या आतला फरक. एवढा चालतो.

बसवताना सगळ्या ओ-रिंगा, म्हणजे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या, नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या व्हिटॉनच्या. जुन्या नखाने दाबल्या तर दबत नव्हत्या. स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट फिरवून सरळ दाबून बसवायच्या, पिळायच्या नाहीत. वळलेली ओ-रिंग त्या दिवशी गळत नाही, पुढच्या आठवड्यात गरम मॅनिफोल्डवर गळते. रेल बसली की सुरू करण्याआधी तीन-चारदा नुसती चावी फिरवून दाब भरला आणि प्रत्येक सांध्यावरून कोरडा टिश्यू फिरवला.

एक गोष्ट मामांनी न विचारता केली. डिपस्टिक काढून हुंगली आणि माझ्यापुढे धरली. ऑइलला पेट्रोलचा वास. चार नंबरचं ठिबकलेलं पेट्रोल रिंगांवरून खाली उतरत होतं. पातळ झालेलं ऑइल टर्बोच्या बेअरिंगला परवडत नाही, म्हणून ऑइल आणि फिल्टर तेव्हाच बदलले. ईसीयूचे जुने शिकलेले ट्रिम स्कॅनरने पुसले, नाहीतर तो काही काळ जुन्या तुटीचीच भरपाई करत बसला असता.

आता आयडलिंगला ट्रिम अधिक ४ आणि २५०० ला अधिक ५. दोन्ही जवळ आले, हे मला आकड्यांहून महत्त्वाचं वाटतं. खंबाटकीत दिवा लागत नाही. चहानंतर गाडी अर्ध्या सेलला उठते. धुलाई, मोजणी, एक नवा इंजेक्टर, ओ-रिंगा, ऑइल आणि मामांची मजुरी धरून खर्च चार कॉइलच्या निम्म्याच्या आसपास आला. टाकी उतरवून आतला गाळ काढायचा राहिलाय, नाहीतर तीच माती परत जाळीत येईल. ते टायमिंग बेल्टच्या कामासोबत करू असं मामांशी ठरलंय.